‘ब’ काविळीच्या लशीचे कूळ

रोगजंतू प्रयोगशाळेत वाढवावा आणि त्याला मारून किंवा दुबळा करून टोचावा, ही लस करण्याची रूढ रीत. परंतु ‘ब’ काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस-बीचा, विषाणू प्रयोगशाळेत वाढेना, आणि त्यामुळे या लशीचे मूळ द्रव्य संसर्गग्रस्तांच्या रक्तातच शोधावे लागले.

त्याचा माग लागला, तोही काविळीचा अभ्यास करताना नव्हे. रक्तातील प्रथिनांचे आनुवंशिक भेद तपासणाऱ्या बरूच ब्लुमबर्ग यांना १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तद्रवात एक अनोळखी प्रथिन आढळले, आणि एका अमेरिकी हिमोफिलियाग्रस्ताच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे परक्या द्रव्याला बांधून ठेवणारी प्रथिने, त्याला चिकटत होती. हे ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ म्हणजे विषाणूचे बाह्य कवच, हे पुढे उलगडले. दीर्घकाळ संसर्ग बाळगणाऱ्या वाहकांच्या रक्तात अशी कवचे विपुल असतात. त्यांच्या आत जनुकद्रव्य नसल्याने ती रोग करत नाहीत, प्रतिकारशक्ती मात्र जागवतात. ती वेगळी काढून लस करण्याची कल्पना ब्लुमबर्ग व अर्विंग मिलमन यांनी १९६९ मध्ये पेटंट अर्जात मांडली.

उकळलेल्या संसर्गित रक्तद्रवाने काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे न्यूयॉर्कमध्ये सॉल क्रुगमन यांनी दाखवले. परंतु तो पुरावा विलोब्रुक संस्थेतील बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना जाणूनबुजून संसर्ग देऊन मिळवलेला आहे, आणि त्या मुलांवरील अन्याय सांगितल्याविना या लशीचा इतिहास प्रामाणिक ठरत नाही.

मर्क कंपनीतील मॉरिस हिलमन यांच्यापुढचा पेच निराळा होता: वाहकांच्या रक्तात दुसरे घातक जंतूही असू शकत. म्हणून त्यांनी रक्तद्रवावर पेप्सिन, युरिया व फॉर्मल्डिहाइड यांचे लागोपाठ संस्कार केले. वुल्फ श्मुनेस यांनी न्यूयॉर्कमधील १,०८३ समलैंगिक पुरुषांच्या सहभागाने घेतलेल्या चाचणीत ही लस परिणामकारक ठरली आणि १९८१ मध्ये तिला मान्यता मिळाली. त्याच वर्षी एड्सची पहिली नोंद झाली. हे संस्कार एड्सच्या विषाणूलाही निष्प्रभ करतात, असे पुढे सिद्ध झाले, तरी मानवी रक्तापासून केलेल्या लशीविषयीची धास्ती लोकांच्या मनातून गेली नाही.

वाट निघाली ती यीस्टमधून. विल्यम रटर, पाब्लो व्हॅलेन्झुएला आणि सहकाऱ्यांनी कवचाच्या प्रथिनाचे जनुक यीस्टच्या पेशीत घातले, तेव्हा तयार झालेली प्रथिने आपोआप जुळून रक्तातल्यासारखेच कण बनले, हे त्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. १९८६ मध्ये मान्यता मिळालेली ही यीस्टजन्य लस जनुकीय तंत्राने घडलेली माणसासाठीची पहिली लस होय. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने अशी लस १९९७ मध्ये बाजारात आणली.