एकशे सत्तावीस दातांचं चाक

मंडळी, परवा आमच्या भागातल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या फाटकावर लिलावाची नोटीस बघितली. जुनी लेथ मशीनं, नग तीन, दर किलोवर. आणि खाली शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात : "सुटे भाग, पोती दोन." आत जाऊन पोत्यात हात घातला तर चेंज गिअर निघाले. म्हणजे लेथ एकानं न्यायचा आणि त्याची चाकं दुसऱ्यानं. हे वाचून अर्ध्या लोकांना काही वाटणार नाही, त्यांच्यासाठीच हे लांबलचक लिहितोय.

लेथवर नुसता गोल जॉब कुणीही काढेल. खरी परीक्षा आटे पाडताना. चकातला जॉब एक फेरा फिरला की हत्यार किती सरकलं पाहिजे, हे लीड स्क्रू ठरवतो, आणि लीड स्क्रू किती फिरायचा हे मधली दातेरी चाकं ठरवतात. लंडनच्या हेन्री मॉडस्लेनं १८०० च्या सुमारास ही रचना पक्की केली. चाकं बदला, आटे बदलतील. त्याच्याच हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्याचं प्रमाण मांडलं. तोवर एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसेलच याची खात्री नव्हती. हा सगळा हिशेब इंचात. आपल्याकडं इंग्रजांची इंजिनं, पंप आले ते हेच आटे घेऊन. मिस्त्री लोकांनी इंचाचे आठ भाग करून त्याला 'सूत' म्हटलं, आणि चार सुताची सळई आजही दुकानात मागितली जाते.

जुन्या लेथचा लीड स्क्रू बहुधा इंचाला चार आट्यांचा. त्यावर इंचाला आठ आटे हवेत तर हिशेब तोंडी : स्पिंडलकडं ४० दातांचं चाक, लीड स्क्रूवर ८०, मध्ये कुठलंही आयडलर. झालं.

मग डिसेंबर १९५६ मध्ये संसदेनं मेट्रिक मापांचा कायदा केला. एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, ते सगळ्यांच्या आजोबांना आठवत असतील. शेर-मणाचं काय झालं यावर भरपूर लिहिलं गेलंय. वर्कशॉपात काय झालं यावर फारसं कुणी लिहीत नाही. किलोचं वजन नवं आणता येतं हो, पण लेथचा लीड स्क्रू कसा बदलणार? लेथ म्हणजे घरातली जमीनच, दोन पिढ्या पुरवायची. हरिहरला १९४१ पासून किर्लोस्करांचे लेथ बनत होते, बेंगळुरूला १९५३ मध्ये एचएमटी उभी राहिली, शिवाय युद्धाच्या आधीची विलायती मशीनं होतीच. शेडमध्ये जे उभं होतं ते बरंचसं इंचातच उभं होतं.

इथं १२७ चं चाक येतं. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, पाच इंच म्हणजे १२७. ही मूळ संख्या, तिला कशानंच भाग जात नाही, त्यामुळं लहान चाकांच्या जोडीनं ती अचूक साधत नाही. चार आट्यांच्या लीड स्क्रूवर २ मिलिमीटरचा आटा हवा तर स्पिंडलकडं ४० आणि लीड स्क्रूवर १२७. दीडचा हवा तर ३० आणि १२७. १२७ चं चाक नसेल तर काही जुने लोक ६३ चं चाक वापरून जुगाड करायचे. शंभर मिलिमीटरला सव्वा शतांशाच्या आसपास चूक येते, साध्या बोल्टला चालून जातं. पण एक पथ्य दोन्हीकडं आहे. इंचाच्या स्क्रूवर मिलिमीटरचा आटा पाडताना हाफ नट मध्येच उघडायचा नाही. उघडला की पुढच्या कटाला हत्यार भलतीकडंच बसतं आणि जॉब भंगारात. मशीन उलटी फिरवून हत्यार मागं आणायचं.

आमच्या ओळखीतले एक जुने टर्नर आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. गेल्या वर्षी शेजारच्या शेडमधला लेथ आटे पाडताना रडायला लागला. मालकानं गिअरबॉक्स खोलायची तयारी केली होती. तात्यांनी आधी स्विंग प्लेट सैल केली, दोन चाकांच्या दातांत वहीच्या कागदाची पट्टी घातली, चाकं दाबून नट आवळला आणि हातानं फिरवून पट्टी काढली. म्हणजे कागदाइतकी फट राहते. तरी आवाज तोच. मग त्यांनी व्हर्नियर मागितला. "तात्या, गिअरबॉक्सच गेला का?" "गिअरबॉक्स न्हाई गेला बाबा, चाक परकं हाय." ४० दातांच्या नव्या चाकाचा बाहेरचा व्यास भरला ६३ मिलिमीटर. जुन्या जोडीतल्या चाकांचे दात १६ डीपीचे, त्या मापानं तो ६६.७ च्या आसपास हवा. कुणीतरी दीड मोड्यूलचं चाक आणून बसवलं होतं. दात मोजले तर बरोबर, म्हणून आटा मापाला येत होता, पण दातात दात नीट बसत नव्हता. इंच-मिलिमीटरचं भांडण असं दातापर्यंत जातं.

जाता जाता बॅक गिअरबद्दल. पिन न काढता बॅक गिअर घातला की स्पिंडल जागच्या जागी अडकतो. काही पोरं मुद्दाम तसं करून अडकलेला चक सोडवायला जातात. बिडाचे दात असतात ते, एक झटका आणि दोन दात गेले. लिलावातल्या एका लेथचे असेच गेलेत, मी बघितलं.

पण ते दुरुस्त होतात. स्टड बसवून, पितळ भरून, कानशीनं दात घडवता येतो. हरवलेलं १२७ चं चाक मात्र सहज मिळत नाही. १६ डीपीत ते आठ इंचांहून थोडं मोठं भरतं, बाजारात तयार नसतं, आणि पाडून घ्यायचं तर खर्च भंगार लेथच्या किमतीशी स्पर्धा करतो. चाकांशिवाय लेथ म्हणजे नुसता गोल काढायचं यंत्र. आटे बाहेर करून आणावे लागले की छोट्या शेडवाल्याचं गणित बिघडतं.

पोतं उलटं करून मी दात मोजले. वॉचमननं पंधरा मिनिटं दिली, त्याचे आभार. ६३ चं होतं, १२७ ची दोन होती. पोती लेथसोबतच विकावीत, कोणती चाकं कोणत्या मशीनची ते खडूनं लिहावं, असा अर्ज कार्यालयात दिलाय. पोच मिळाली, उत्तर नाही. लिलाव मंगळवारी अकरा वाजता. तात्या येणार आहेत, व्हर्नियर घेऊन. ज्यांची शेड आहे त्यांनीही या.