परवाना: हक्क की मेहरबानी?

धर्माबादच्या शिवारात पीक हाताशी आले की रानडुकरे येतात. माझे चाचा ठासणीची बंदूक घेऊन जागलीला जात. बंदूक परवान्याची, आणि चाचांवर कधी साधी तक्रारही नव्हती. तरी निवडणूक लागली की ठाण्यातून निरोप यायचा, 'बंदूक जमा करा.' चाचा चिडून म्हणायचे, "इलेक्शनमें मैं खडा नै, फिर मेरी बंदूक कायकू जमा?"

आम्ही हसायचो. पण या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

आमचा मुलूख निजामाच्या राज्यातला. रझाकारांच्या हाती शस्त्रे आली आणि गावांची झोप उडाली. त्यांच्याशी लढायला शस्त्रे हवीत, शस्त्रांना पैसा हवा, म्हणून 30 जानेवारी 1948 रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी शेजारच्या उमरीची बँक लुटली. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, राज्य मुक्त झाले. नंतरच्या सूडाच्या दिवसांत मात्र ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता असे मुसलमानही सरसकट मारले गेले. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत पंडित सुंदरलाल समितीने नांदेडचे नाव घेतले. आमच्या घरात त्या दिवसांविषयी फारसे कुणी बोलत नसे. बंदूक सर्वांना मोकळी असावी, असे मला कधीच वाटले नाही ते यामुळे.

त्याच वर्षी डिसेंबरात, दिल्लीला घटना समितीत हाच विषय निघाला. इंग्रजांच्या 1878 च्या कायद्यात गोऱ्यांना सूट आणि हिंदी माणसाला परवान्याची सक्ती होती. त्या अपमानापोटी काँग्रेसने 1931 च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. ह. वि. कामतांनी तो घटनेत घालावा असे सुचवले. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. ज्याला त्याला बाजारात जाऊन बिनदिक्कत हत्यार विकत घेता आले, तर राज्य चालायचे कसे, असा त्यांचा सवाल होता. सूचना फेटाळली गेली.

पुढे 1959 चा शस्त्र कायदा आला आणि 1962 पासून अमलात आला. त्यात एक कलम मला फार आवडते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. पीकराखणीच्या ठासणीच्या बंदुकीचीही त्यात वेगळी तरतूद आहे. परवाना नाकारला तर अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवायची, आणि वर अपिलाची सोय आहे.

मग परवाना हा हक्क आहे का? 1993 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निकालाने शस्त्र बाळगणे जीविताच्या हक्काशी जोडले. दोनच वर्षांनी त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ते मत मोडीत काढले. अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये पुन्हा बजावले.

हक्क नाही, हे खरे. पण म्हणून ती साहेबाची मेहरबानीही नाही. चाचांच्या प्रश्नाचे उत्तर 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिले. निवडणुकीच्या नावाखाली सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करू नका, समिती नेमून प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करा, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी निवडणूक आयोगानेही तशा सूचना काढल्या. जामिनावर सुटलेला, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेला, दंगलीत सापडलेला, अशांची छाननी करायची.

चाचा तोवर अल्लाला प्यारे झाले होते. ते असते तर हा निकाल मी त्यांना वाचून दाखवला असता. त्यांना बंदूक परत मिळण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आनंद झाला असता. कायद्याने त्यांना गर्दीतून वेगळे काढून, त्यांच्या नावानिशी त्यांचा विचार केला असता. सरसकट या शब्दाने काय होते, ते आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांनी 1948 साली पाहिले आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)