दस्ता, दौत आणि लग्नपत्रिका

हिंगोली जिल्ह्याचा इतिहास सांगायला बसले की औंढा नागनाथचे मंदिर येते, नर्सीचे संत नामदेव येतात, हैदराबाद कंटिन्जंटची जुनी छावणी येते आणि मुक्तिसंग्राम येतो. ते यायलाच हवे. पण हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा अशा कुठल्याही गावच्या बाजारपेठेत एक लहानशी खोली असते. तिच्यात वह्या, पेन, पाकिटे, कॅलेंडरे आणि लग्नपत्रिकांचे नमुने खच्चून भरलेले असतात. त्या स्टेशनरीच्या दुकानाचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही. मला तो सांगावासा वाटतो, कारण या भागात राज्य बदलले, लिपी बदलली, कचेरी बदलली, तेव्हा त्याची वर्दी या दुकानाला आधी लागली. काल खपणारा कागद आज खपेनासा झाला, की दुकानदाराने ओळखावे, काळ बदलला.

या दुकानातल्या वस्तूंची नावेच ऐका. कागद आणि दस्ता हे शब्द फारसीतून आले, कलम, दौत, लिफाफा, जिल्द हे अरबीतून. शाई म्हणजे फारसी स्याही. त्यांच्या शेजारी पाटी, लेखणी, बोरू आणि वही हे आपले जुने शब्द सुखाने नांदतात. २४ तावांचा एक दस्ता आणि २० दस्त्यांचे एक रीम, हा हिशेब जुन्या दुकानदारांना तोंडपाठ असे. मराठवाड्याचे कागदाशी नातेही जुने आहे. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा कागद करणारे कारागीर इकडे आले, असे परंपरेने मानतात. चिंध्या कुटून लगदा करायचा, त्याचा ताव उचलायचा, वाळवायचा आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. पुढे गिरण्यांचा स्वस्त कागद आला आणि हा हातकागद मागे पडला.

निजामाच्या राज्यात १८८०च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणही उर्दूतून मिळू लागले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. कचेरीचा कागद उर्दूत, जुन्या वळणाचा हिशेब मोडीत आणि पोथी बाळबोधीत, अशा तीन लिप्या एकाच गावात चालत. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी डावीकडून उजवीकडे. म्हणजे एकाची वही जिथे सुरू होते तिथे दुसऱ्याची संपते. दुकानदाराला त्याची अडचण नव्हती. कोरी वही दोन्ही बाजूंनी उघडते.

टपालही दुहेरी होते. इंग्रजी मुलखात १८५४ पासून सर्वत्र चालणारी तिकिटे आली, तर निजामाच्या संस्थानाने १८६९ मध्ये स्वतःची तिकिटे काढली. संस्थानाचे टपाल १९५० मध्ये भारतीय टपालखात्यात विलीन झाले. त्याआधी १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. जेमतेम बारा वर्षांत कचेरीची भाषा पालटली. उर्दू छापील नमुन्यांचे गठ्ठे निरुपयोगी झाले, मराठी नमुन्यांना मागणी आली. उर्दूत शिकलेल्या किती कारकुनांनी त्या दिवसांत मराठीचे कित्ते गिरवले असतील! आम्ही मराठी लिहिणारे मुसलमान त्यांचेच वारस.

पुढचा मोठा ग्राहक म्हणजे शाळा. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. खेडोपाडी शाळा आल्या आणि हजेरीपटापासून प्रगतिपुस्तकापर्यंत सगळ्याला कागद लागू लागला. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली, त्यातून कॅमलिन उभी राहिली. त्या कंपनीच्या शाईने आणि रंगपेटीने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांची बोटे रंगली. १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर अर्ज आले आणि अर्जांबरोबर झेरॉक्स. स्टेशनरीच्या दुकानात काचेच्या कपाटाशेजारी झेरॉक्सचे यंत्र येऊन बसले ते कायमचेच.

आता कार्डांकडे वळू. १८४० मध्ये इंग्लंडात एका पेनीत पत्र पोचू लागले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८४३ मध्ये, हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून नाताळचे पहिले छापील भेटकार्ड करवून घेतले. स्वस्त टपाल आले म्हणून शुभेच्छा छापाव्याशा वाटल्या. आपल्याकडे १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. त्याने सुखाबरोबर दुःखही वाहिले. मृत्यूची वार्ता असलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे आणि ते वाचून झाल्यावर घरात ठेवत नसत. अक्षर न वाचणाऱ्यालाही कोपरा वाचता येई.

भेटकार्डांची हौस छोट्या गावांत उशिरा आली. दिल्लीची आर्चीज कंपनी १९७९ मध्ये सुरू झाली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मराठवाड्यातल्या तालुक्यांपर्यंत कार्डांचे फिरते स्टँड पोचले. दिवाळी, ईद, नवे वर्ष, वाढदिवस. या धंद्याची एक मेख होती. वही यंदा नाही खपली तर पुढच्या जूनमध्ये खपते, पण सण गेला की कार्ड मेले. त्यामुळे दुकानदार मोजून माल आणी. ईद दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. अशी सरकत सरकत २००४, २००५ आणि २००६ या तिन्ही वर्षी रमजान ईद दिवाळीच्या अगदी पाठोपाठ आली. एकाच स्टँडवर पणती आणि चंद्रकोर शेजारी लटकली. लहान दुकानदाराला याहून चांगला योग कुठला? पण त्याच सुमारास हाताहातात मोबाइल आला, आणि शुभेच्छा कागदावरून उतरल्या त्या पुन्हा चढल्या नाहीत. तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. भेटकार्डांचा निरोप समारंभ कुणी केला नाही. स्टँड आधी रिकामा झाला, मग त्यावर मोबाइलची कव्हरे लागली.

मग लग्नपत्रिका कशी टिकली? मला वाटते, भेटकार्ड ही हौस होती आणि पत्रिका हे कर्तव्य आहे. पत्रिका पाठवायची नसते, द्यायची असते. घरी जायचे, चहा घ्यायचा, हातात पत्रिका ठेवून ‘यायचं बरं का’ म्हणायचे. नुसता मोबाइलवर फोटो आला तर मामा रुसतो, आणि त्याचे रुसणे रास्त असते.

तुळशीचे लग्न झाले की नमुन्यांचे आल्बम उघडतात. एकाच आल्बममध्ये ‘श्री नागनाथ प्रसन्न’ असते, ‘नमो बुद्धाय, जय भीम’ असते, ‘जय सेवालाल’ असते आणि ‘बिस्मिल्लाह’ही असते. मुसलमान दुकानदार गणपतीचे चित्र सरळ बसले की नाही ते डोळ्यांत तेल घालून पाहतो, हिंदू दुकानदार निकाह आणि वलीमा या शब्दांची अक्षरे दोनदा तपासतो. कारण चूक झाली तर पाचशे पत्रिका त्याच्या गळ्यात पडतात. यात मोठे तत्त्वज्ञान नाही, धंद्याची शिस्त आहे. पण गावे अशा शिस्तीवरच चालतात. मी कविता लिहितो म्हणून लोक पत्रिकेचा मजकूर माझ्याकडेही आणतात. त्यांना काव्य नको असते. निमंत्रक कोण, व्यवस्थापक कोण, कोणत्या चुलत्याचे नाव आधी, हा पेच सोडवून हवा असतो. अलीकडे उर्दू लिपी न वाचणारी मुले निकाहची पत्रिका उर्दू शब्दांत पण देवनागरी अक्षरांत छापून घेतात. लिपीचा जो प्रवास आमच्या वडीलधाऱ्यांनी नाइलाजाने केला, तो नातवंडांनी सहज केला आहे.

आजचा हिशेब मात्र कठीण आहे. शासनाने २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने जोडली. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा हेतू चांगला होता, पण वह्या विकणाऱ्याच्या पोटात गोळा आला. जानेवारी २०२५ मध्ये ती पाने रद्द झाली. शिवाय ऑनलाइन बाजार आहे, शहरातली मोठी दालने आहेत. लहान दुकानाकडे दोनच गोष्टी उरतात. ते एक पेन्सिल, एक ताव, एक पाकीट सुटे देते. आणि हळद किंवा सोयाबीन विकले जाईपर्यंत थांबते. ही उधारी कुठल्या संकेतस्थळावर मिळत नाही.

२०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. ज्या कागदांकडे सत्तर-पंचाहत्तर वर्षे कुणी ढुंकून पाहिले नव्हते, त्यांच्यावर घराघरांचे भवितव्य येऊन ठेपले. कागदाची किंमत अशी उशिरा कळते.

म्हणून एक विनंती. जुन्या लग्नपत्रिका, नमुन्यांचे आल्बम, रोजमेळाच्या वह्या रद्दीत घालू नका. नवरदेवाच्या नावापुढे पदवी कधी आली, नवरीच्या नावापुढे ती किती वर्षांनी आली, लग्न वाड्यातून मंगल कार्यालयात कधी गेले, कुठल्या गावाची सोयरीक कुठवर पोचली, हे कुठल्याही गॅझेटियरमध्ये सापडणार नाही. तुमच्या गावच्या दुकानदाराच्या माळ्यावर ते बांधून ठेवलेले आहे. पुढच्या वेळी पत्रिका छापायला गेलात, तर त्याला तेवढे विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)