यीस्टला मेंदूच नाही, मग मानसिक आजारांवरच्या औषधांचा अभ्यास त्यावर का करतात?

पाव फुगवणारं यीस्ट म्हणजे एकाच पेशीची बुरशी. तिला ना मेंदू, ना मज्जातंतू. तरीही स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची औषधं, म्हणजेच अँटीसायकोटिक्स, पेशीला कुठे कुठे त्रास देतात हे शोधायला शास्त्रज्ञ यीस्टचीच मदत घेतात. असं का?

ही औषधं करतात काय?

१९५२ मध्ये पॅरिसमधल्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमझिन हे औषध मानसिक रुग्णांवर वापरलं आणि अँटीसायकोटिक्सचा काळ सुरू झाला. पुढे हॅलोपेरिडॉल, क्लोझापिन अशी औषधं आली. ही औषधं मुख्यतः मेंदूतल्या डोपामिनसारख्या रसायनांचे संदेश अडवतात. त्यामुळे भास आणि भ्रम कमी होतात.

पण त्यांचे दुष्परिणामही आहेत. हात थरथरणं, अंग ताठरणं, वजन वाढणं, सतत झोप येणं. क्लोझापिनमुळे काही मोजक्या रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये यामुळे रुग्णांचे मृत्यू झाले आणि अनेक देशांत हे औषध मागे घेतलं गेलं. १९८९ मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली, ती नियमित रक्ततपासणीच्या अटीवर.

दुष्परिणामांना कंटाळून अनेक रुग्ण गोळ्या सोडतात आणि आजार पुन्हा डोकं वर काढतो. म्हणूनच हे परिणाम नेमके कुठून येतात, हे कळणं महत्त्वाचं आहे.

मग यीस्टच का?

कारण यीस्टमध्ये डोपामिनचे संदेश घेणारी यंत्रणाच नाही. औषधाचं ठरलेलं लक्ष्यच तिथे नाही, तरीही यीस्टची वाढ मंदावली, तर ते औषध दुसरीकडे कुठेतरी धक्का देतंय हे उघड होतं. म्हणजे मेंदू नसणं हाच इथे फायदा.

शिवाय प्रोटीन तयार करणं, पेशीचं आवरण सांभाळणं, कचरा साफ करणं ही मूलभूत कामं यीस्टमध्ये आणि माणसात बरीचशी सारखी चालतात. यीस्टमध्ये सुमारे ६,००० जनुकं आहेत आणि त्याचा पूर्ण जीनोम १९९६ मध्येच वाचून झाला.

प्रयोग कसा होतो?

शास्त्रज्ञांकडे यीस्टच्या हजारो जाती तयार आहेत. प्रत्येक जातीतून एक जनुक काढलेलं असतं. ज्या जनुकाशिवाय यीस्ट जगूच शकत नाही, त्याच्या दोनपैकी एकच प्रत काढतात. प्रत्येक जातीला डीएनएचा स्वतःचा 'बारकोड' असतो.

या सगळ्या जाती एकत्र वाढवून त्यात औषध घालतात. काही पिढ्यांनंतर बारकोड मोजले की कोणती जात मागे पडली ते कळतं. तिच्यात जे जनुक कमी आहे, त्याच्याशी संबंधित कामावर औषधाचा ताण येतोय, असा अंदाज बांधता येतो.

काय सापडलं?

२००८ मध्ये कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी 'प्लॉस जेनेटिक्स' या नियतकालिकात असा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मनावर परिणाम करणारी २१४ औषधं तपासली. त्यातल्या ८१ औषधांचा यीस्टच्या वाढीवर परिणाम झाला. त्यांपैकी अनेक औषधं एकापेक्षा जास्त पेशीय कामांत ढवळाढवळ करत होती.

आणखी एक गोष्ट दिसली. क्लोझापिन हे हॅलोपेरिडॉल आणि पिमोझाइडपेक्षा नव्या पिढीचं औषध मानलं जातं. पण यीस्टमध्ये त्याचे लक्ष्याबाहेरचे परिणाम या जुन्या औषधांपेक्षा कमी नव्हते. म्हणजे 'नवीन औषध' याचा अर्थ 'फक्त नेमक्या जागी काम करणारं औषध' असा होत नाही.

मर्यादा काय?

अंग ताठरण्यासारखे त्रास मेंदूतलं डोपामिन अडवल्यामुळेच होतात, ते यीस्टमध्ये दिसणार नाहीत. यीस्टला रक्त नाही, यकृत नाही. प्रयोगातलं औषधाचं प्रमाणही रुग्णाच्या डोसशी थेट ताडून पाहता येत नाही. त्यामुळे यीस्ट निकाल देत नाही, पुढचा शोध कुठे घ्यायचा ते दाखवतं. त्यानंतर मानवी पेशी, प्राणी आणि रुग्ण यांच्यावरचे अभ्यास करावेच लागतात.

म्हणूनच असे निष्कर्ष वाचून कुणीही गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं. भारत सरकारच्या 'टेली मानस' या १४४१६ क्रमांकाच्या मोफत हेल्पलाइनवरही मदत मिळते.