कल्हई : तांब्या-पितळेच्या भांड्यांचे कवच

तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा पातळ मुलामा देण्याच्या कारागिरीस कल्हई म्हणतात. ताक, चिंच, कोकम अशा आंबट पदार्थांचा या धातूंशी संयोग होऊन तांब्याचे विषारी क्षार तयार होतात. अन्नाला हिरवट छटा आणि कडवट चव येते. यालाच अन्न 'कळकणे' म्हणतात. असे अन्न खाल्ल्यास मळमळ, उलट्या व पोटदुखी होते. कथलावर अन्नातील आम्लांचा परिणाम फारच अल्प होत असल्याने कल्हई केलेल्या भांड्यात अन्न कळकत नाही.

कल्हईवाल्याची सामग्री मोजकीच असते : जमिनीत खणलेली कोळशाची भट्टी, भाता, सांडशी, कापूस, नवसागर आणि कथील. भांडे घासून स्वच्छ करून तापवतात व त्यात नवसागराची पूड टाकतात. उष्णतेने नवसागराचे विघटन होऊन पांढरा धूर निघतो आणि धातूवरील ऑक्साइडचा थर निघून जातो. मग कथलाची कांडी टेकवताच ते वितळते. कापसाच्या बोळ्याने ते झपाट्याने सर्वत्र फिरवून भांडे पाण्यात बुडवतात.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये, तसेच तारेच्या घासणीने घासू नये. आतून तांबूस वा पिवळा धातू दिसू लागला, की पुन्हा कल्हई करावी.

स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमची भांडी घरोघर आल्यावर गल्लोगल्ली हाळी देत फिरणारा कल्हईवाला दुर्मीळ झाला. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीसारख्या जुन्या वस्त्यांनी भांडी घडवण्याची परंपरा जपली. अलीकडे शहरी स्वयंपाकघरांत पितळी पातेली पुन्हा दिसू लागली आहेत. मात्र त्यांना कल्हई करून देणारे हात कमी उरले आहेत.

धोका भेसळीचाही आहे. कथील महाग, तर शिसे स्वस्त असते. शिसे पोटात गेल्यास मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो. शुद्ध कथलाची कांडी वाकवताना करकर आवाज येतो; शिशाची येत नाही. मुलामा चढल्यावर मात्र ही परीक्षा करता येत नाही. म्हणूनच कल्हई स्वस्तात उरकून घेण्याऐवजी जाणत्या कारागिराकडून, योग्य मोबदला देऊन करून घेणे हिताचे ठरते.