करार-समीक्षा, संसदीय (ब्रिटन)

सरकारने परराष्ट्रांशी केलेले करार बंधनकारक होण्यापूर्वी संसदेने तपासण्याची पद्धत. ब्रिटनमध्ये करार करण्याचा अधिकार राजसत्तेच्या वतीने मंत्रिमंडळ वापरते. १९२४ मध्ये परराष्ट्र खात्याचे उपमंत्री आर्थर पॉन्सन्बी यांनी सही झालेला करार २१ दिवस संसदेपुढे ठेवण्याचा प्रघात सुरू केला. २०१० च्या घटनात्मक सुधारणा व शासनव्यवहार कायद्याने त्याला वैधानिक रूप दिले.

कराराची प्रत स्पष्टीकरणात्मक टिपणासह दोन्ही सभागृहांत मांडली जाते आणि २१ कामकाजी दिवसांची मुदत सुरू होते. कॉमन्स सभागृहाने विरोधी ठराव केल्यास अनुसमर्थन लांबते, आणि असा ठराव पुन्हापुन्हा करता येतो. लॉर्ड्स सभागृहाचा विरोध मात्र सरकारला कारणे देऊन डावलता येतो. कराराच्या मसुद्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार कोणत्याही सभागृहाला नाही. लॉर्ड्सची आंतरराष्ट्रीय करार समिती २०२१ पासून स्वतंत्रपणे काम करते.

अमेरिकेशी १९५८ मध्ये झालेला परस्पर संरक्षण करार अण्वस्त्रविषयक तांत्रिक माहितीच्या देवाणघेवाणीचा पाया आहे. त्यातील मुदतीची तरतूद काढणारी २०२४ ची दुरुस्तीही याच पद्धतीने संसदेपुढे आली. जपान व इटलीबरोबर लढाऊ विमान विकसित करण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये झालेला करारही याच वाटेने गेला.

चर्चेसाठी वेळ देणे सरकारवर बंधनकारक नसल्याने मुदत अनेकदा चर्चेविनाच संपते. पिढ्यान्‌पिढ्या देशाला बांधून ठेवणाऱ्या संरक्षण करारांसाठी ही तपासणी अपुरी आहे.