एकशे पंचाहत्तरचं मत

कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे ३० जून २०२२ रोजी मुख्यमंत्री झाले आणि १८ जुलैला राष्ट्रपतिपदासाठी मतदान झालं. त्या दिवशी त्यांच्या मताचं मूल्य होतं १७५. डोंबिवलीच्या, शहापूरच्या, भिवंडी पूर्वच्या आमदाराच्या मताचंही १७५च. मुख्यमंत्रिपदामुळे त्यात एकाचीही भर पडत नाही. विधान परिषदेच्या सदस्याला तर हे मतच नसतं.

मी डोंबिवलीतल्या शाळेत गणित शिकवत असे आणि भागाकाराच्या धड्याला हे उदाहरण हटकून फळ्यावर घ्यायची. राज्याची लोकसंख्या भागिले विधानसभेच्या निवडून द्यायच्या जागा, आलेल्या उत्तराला पुन्हा भागिले हजार. महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, जागा २८८, उत्तर १७५. राज्याच्या वाट्याला एकूण ५०,४०० मतं. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८चं, सिक्कीमच्या आमदाराचं ७चं. सगळ्या राज्यांची बेरीज संसदेच्या निवडून आलेल्या सदस्यांत सारखी वाटली की खासदाराच्या मताचं मूल्य निघतं. २०२२ साली ते ७०० होतं. कल्याणचे आमदार प्रा. राम कापसे १९८९ मध्ये ठाण्याचे खासदार झाले, तेव्हा त्यांचं १७५चं मत एकदम सातशेच्या वर गेलं.

वर्गातलं एखादं चुणचुणीत पोर हात वर करायचंच. बाई, महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी कशी? प्रश्न अगदी बरोबर होता. तो आकडा १९७१च्या जनगणनेचा आहे.

त्या गणतीत माझे वडील प्रगणक होते. अण्णा प्राथमिक शिक्षक. मार्चच्या उन्हात शाळा सुटली की पिशवीत कागद घालून ते चाळींमधून फिरायचे. मी दहा वर्षांची, शाईची दौत घेऊन त्यांच्या मागे. संध्याकाळच्या गाड्या आल्याशिवाय कर्ते पुरुष घरी भेटत नसत, म्हणून पुष्कळ घरं कंदिलाच्या उजेडात लिहिली गेली. तान्ह्या मुलाची नोंद राहून जाऊ नये म्हणून अण्णा बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभे राहून आजीला दोनदा विचारायचे. त्यांनी लिहिलेला प्रत्येक माणूस त्या पाच कोटींत आहे, आणि त्या माणसांच्या जोरावरच आपले आमदार आजही राष्ट्रपती निवडतात.

आकडा तिथेच थांबला, कारण १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो गोठवला. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचं वजन घटू नये, हा हेतू. २००१च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने मुदत वाढली: २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत. हेतू मला मान्य आहे. पण ठाणे जिल्हा वाढला तो नुसत्या पाळण्यांमुळे थोडाच! तो वाढला आगगाडीने आलेल्या माणसांमुळे. १९७१ साली सुमारे २२ लाख ८१ हजार असलेला जिल्हा २०११ मध्ये एक कोटी दहा लाखांवर गेला. १९७१ नंतर जौनपूरहून येऊन कल्याण पूर्वेला संसार थाटलेला माणूस आमदार इथला निवडतो. त्याच्या घराण्याची गणती मात्र उत्तर प्रदेशच्या २०८मध्येच राहिली आहे. रत्नागिरीहून आलेल्याचं तसं नाही. तो आधीही महाराष्ट्रात मोजला गेला होता.

राज्याच्या आत मात्र हिशेब हलला. मतदारसंघांची फेररचना २००१च्या जनगणनेवर झाली आणि २००९च्या निवडणुकीपासून, पालघर वेगळं होण्यापूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या १३ जागा २४ झाल्या. डोंबिवली नावाचा मतदारसंघ तेव्हाच जन्मला. तेरा गुणिले १७५ म्हणजे २,२७५. चोवीस गुणिले १७५ म्हणजे ४,२००. राज्याची ५०,४०० मतं होती तेवढीच राहिली, पण त्यांतला ठाण्याचा वाटा जवळजवळ दुप्पट झाला. याची आपल्याकडे कधी चर्चा होताना मी ऐकली नाही.

राज्याची मतं वाटण्याची रीत सगळीकडे सारखी नसते. माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीत असते. तिथे अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायला जूनमध्ये प्राथमिक निवडणूक होते. डेमोक्रॅटिक पक्ष राज्याचे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटतो, पण पंधरा टक्क्यांच्या आत राहिलेल्याला काही मिळत नाही. रिपब्लिकन पक्षाच्या काही राज्यांत पहिला आलेला सगळेच प्रतिनिधी घेऊन जातो. आपल्याकडे राज्याचा गठ्ठा असा कुणाला जात नाही. मत गुप्त असतं आणि त्यासाठी पक्षाला व्हिप काढता येत नाही. २००७ मध्ये भाजपशी युती असूनही शिवसेनेने प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला. मराठी स्त्री राष्ट्रपती होते आहे म्हटल्यावर आमच्या शाळेत तर पेढे वाटले गेले.

मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा असतो आणि त्याचा कस १९६९ साली लागला. व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या झुंजीत तिसरे होते चिंतामणराव देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर केंद्राचं अर्थमंत्रिपद सोडणारे. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष त्यांच्या पाठीशी होते. पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मतं त्यांना मिळाली. गिरींना ४,०१,५१५ आणि रेड्डींना ३,१३,५४८. पण विजयाचा कोटा ४,१८,१६९चा. मग मागे पडलेल्यांच्या दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. रेड्डी ४,०५,४२७पर्यंत चढले आणि गिरी ४,२०,०७७वर निवडून आले. ठाणे महापालिकेच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेला चिंतामणरावांचं नाव आहे. स्पर्धा परीक्षेसाठी तिथे बसणाऱ्या मुलांनी या मोजणीचा कागद एकदा तरी स्वतः सोडवून पाहावा.

२०११चे आकडे घातले तर आपल्या आमदाराचं मत ३९०चं होतं. तमिळनाडूचं आज १७६ आहे, आपल्याहून एकाने जास्त. २०११च्या आकड्यांनी ते ३०८वरच थांबतं. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि त्याच वर्षी जुलैत राष्ट्रपतींची मुदत संपते. नवे आकडे तोवर प्रसिद्ध झाले नाहीत, तर ठाणे-कल्याणचे आमदार पुन्हा अण्णांच्या पिशवीतल्या कागदांवरच मत देतील.